पाणी उजवीकडं वळतं

नाथाजी रोज सकाळी येई आणि हरणाबाईच्या कोकरांच्या कुडाशी उकिडवा बसून राही. हरणाबाई त्याच्याकडं पाठ करून मेंढ्यांच्या खुरांतले काटे काढी. ती बोलत नसे, तोही बोलत नसे. ऊन कुडावरून खाली उतरलं की तो गुडघ्यावर हात टेकून उठे, "येतो मावशी" म्हणे आणि लंगडत निघून जाई. असं पंधरा दिवस चाललं.

गाव माण तालुक्याच्या पूर्व अंगाला. म्हसवड मागं टाकून आटपाडीच्या वाटेला लागलं की माळ सुरू होतो आणि माळ संपायच्या आत गाव येऊन जातं. पावसाळ्यात इथल्या माणसांना ढग दिसत, भरपूर दिसत. पण ते घाटमाथ्यावर रिते होऊन आलेले असत. पांढरे, हलके, पूर्वेला पळत सुटलेले. त्यांच्या सावल्या मेंढरांच्या पाठीवरून सरकत जात आणि मेंढरं मानही वर करत नसत.

एक्केचाळीस साली या गावातली दोन पोरं एकाच दिवशी साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झाली. एक हरणाबाईचा केरबा, दुसरा शेजारच्या वस्तीवरचा नाथाजी. दोघांना खेचरांच्या कंपनीत घातलं. अडलेलं खेचर केरबानं नुसतं कानाशी बोलून चालतं केलं, साहेबानं पाठ थोपटली, असं एकदा पत्रात आलं होतं. पत्र नाथाजीच्या हातचं होतं. केरबाला लिहिता येत नव्हतं. त्रेचाळीसच्या श्रावणात दोघं रजेवर निघाले. एडनहून मुंबईला येणारी त्यांची आगबोट भर दर्यात पाणबुडीनं फोडली. हरणाबाईला तार आली. गावच्या मास्तरांनी ती वाचली आणि म्हणाले, "केरबा बेपत्ता आहे."

"बेपत्ता म्हंजी?"

"म्हणजे ठावठिकाणा लागत नाही."

"म्हंजी हाय कुठंतरी," हरणाबाई म्हणाली आणि तार घडी करून कनवटीला लावली.

नवरा जाऊन तिला बारा वर्षं झाली होती. केरबा एकटाच. दिवाळीनंतर धनगरांचे फिरते वाडे मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरले, तेव्हा ती त्या वर्षी गेली नाही. वीस मेंढ्या ठेवून घेतल्या, बाकीच्या दिराच्या कळपात घातल्या आणि गावातच राहिली. कुणी आलं तर घर रिकामं नको, एवढंच तिनं सांगितलं.

फाल्गुनात नाथाजी आला. एकटाच. खारट पाण्यानं सडलेली दोन बोटं डाव्या पायाची कापली होती आणि पलटणीतून त्याला मोकळं केलं होतं. तो यायच्या आधीच गावात बोलणं पसरलं होतं. दोघांच्या मध्ये दोर होता म्हणे. एका नावेला एक तराफा बांधलेला. आणि तो दोर नाथानं कापला म्हणे.

सोळाव्या दिवशी हरणाबाईनं हातातली मेंढी सोडून दिली आणि ती त्याच्याकडं वळून बसली.

"नाथा, दोर कुनी सोडला?"

"कुनी न्हाई, मावशी. झिजला आन् तुटला."

"समदं सांग. मधलं काय गाळू नगंस."

त्यानं सांगितलं. आगबोट बुडाली तेव्हा पाण्यावर एक शिडाची नाव उरली आणि एक लाकडी तराफा. नावेत अकरा माणसं दाटून बसली. नाथाजीचा पाय फाटला होता, म्हणून केरबानं त्याला बखोटीला धरून नावेत चढवलं आणि आपण आणखी दोघांबरोबर तराफ्यावर गेला. नावेवर जयगडचा दाऊद तांडेल होता, तीस वर्षं दर्यावर काढलेला. त्यानं तराफा दोरानं नावेमागं बांधून घेतला. चार दिवस दोन्ही मिळून चालले. पावसाचं पाणी शिडात धरायचं, एका डब्यातून तराफ्यावर सोडायचं. पाचव्या दिवशी उजाडताना दोर तुटला.

"आमी म्हनलो, जाऊंदे. वारा मुंबईकडंच चाललाय, दोगंबी तिकडंच लागनार. केरबाबी हसला. पर दुपारपतूर त्यो आमच्या उजव्या अंगाला सरकला. मी बोंब मारली, आरं इकडं ये, इकडं वल्हव. त्यो फडकं हालवत व्हता. मला वाटलं, ह्यानं मुद्दाम तोंड फिरवलं. मावशी, मी त्येला शिव्या घातल्या."

"शीड खाली का न्हाई घेतलं?"

"घेतलं. अर्धा दिस घेतलं. नाव आडवी फिराय लागली, लाटा आत याय लागल्या. तांडेल म्हनला, आता अकरा जातील. मग परत वर केलं."

हरणाबाईनं बोटानं मातीत दोन रेघा ओढल्या. मग म्हणाली, "वारा येकच. पानी येकच. मग दोन वाटा कशा झाल्या रं?"

हा प्रश्न नाथाजीला जवळजवळ सहा महिने रोज पडत आला होता. तो म्हणाला, "पानी वाऱ्याच्या मागनं सरळ जात न्हाई. उजव्या हाताला वळतं. आमच्या नावंला शीड व्हतं, ती वाऱ्यासंगं ग्येली. तराफा निम्मा पान्यात बुडल्याला, त्येला पान्यानं न्हेलं."

"पानी कशापायी वळंल?"

"पिरथमी फिरतीया म्हून."

हरणाबाईनं त्याच्याकडं तापात बडबडणाऱ्या लेकराकडं बघावं तसं बघितलं, आणि उठून मेंढ्या सोडल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ती जोंधळे दळत होती. नाथाजी कोळशाचा तुकडा घेऊन जात्याशी बसला. मुंबईच्या इस्पितळात त्याच्या शेजारच्या खाटेवर वेधशाळेतला एक माणूस होता. वरचा वारा कुठं जातो ते बघायला रोज एक फुगा आभाळात सोडायचा आणि दुर्बिणीतून त्याच्या मागावर राहायचं, हे त्याचं काम. त्यानंच नाथाजीला हे सगळं समजावलं होतं, दिवसचे दिवस, कारण दोघांनाही दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"मावशी, जातं जरा उलटं फिरवा."

"उलटं? हाताला वळण न्हाई."

"सावकाश फिरवा. पिरथमी तशीच फिरतीया, आपल्या जात्याच्या उलटी."

तिनं दाणे घालायचे थांबवून रिकामं जातं उलटं फिरवलं. नाथाजीनं कोळसा जात्याच्या मधल्या तोंडाशी टेकवला आणि समोरच्या लिंबाच्या खोडावर नजर ठेवून, हात जराही न वळवता, सरळ कडेपर्यंत ओढला. मग म्हणाला, "थांबा." जात्यावर उमटलेली रेघ सरळ नव्हती. कोयत्याच्या पात्यासारखी उजवीकडं वाकली होती.

"मी सरळ गेलो. तुमी बघितलं. पर जात्यावर बसल्याल्या मुंगीला इचारा, ती म्हनंल कोळसा वळला."

हरणाबाईनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. तिला ती रेघ आवडली, आणि आवडली याचा राग आला. "जातं मी फिरवते म्हून फिरतं, नाथा. ह्यो माळ कुठं फिरतोय? मी जल्मापास्नं हितं हाय. त्यो लिंब तितंच हाय. तू मला माळ फिरताना दाव. मग मी तुज्या दर्याचं ऐकंन."

नाथाजीच्या चेहऱ्यावर उजेड आल्यासारखं झालं. कुणीतरी आपल्याला काम सांगितलं, एवढ्यानंच.

वेधशाळेवाल्यानं ते कसं दाखवायचं हेही सांगितलं होतं. लांब तारेला जड वजन टांगायचं आणि झोक्यासारखं सोडायचं. झोका आपली दिशा सोडत नाही. खालची जमीन फिरते. उंच जागा हवी, वारा नसलेली. नाथाजीनं तीन दिवस विचार केला. माळावर उंच असं काही नव्हतं. खोल मात्र होतं. त्याच्या चुलत्याची विहीर नऊ पुरुष, म्हणजे पन्नासेक फूट खोल, आणि चैत्र लागायच्या आत तिचा तळ कोरडा ठाक पडलेला.

महिमानगडाच्या पायथ्याला एका शेतकऱ्याच्या बांधावर तोफेचा जुना गोळा पडला होता, पंधरा-वीस शेर वजनाचा. नाथाजीनं तो मागून आणला. लोहारानं त्याला पट्ट्यांचा पिंजरा करून वर कडी बसवली. विहिरीच्या तोंडावर बाभळीचा वासा आडवा टाकला, मोटेचा नाडा बांधला आणि गोळा आत सोडला. निम्मं गाव काठावर जमलं होतं. नाथाजीनं तळाशी उतरून गोळ्याला हातानं झोका दिला.

गोळा दोन-चार वेळा नीट गेला. मग नाड्याला पीळ पडला आणि तो लांबुळका फिरायला लागला, भोवऱ्यासारखा, आणि शेवटी विहिरीच्या कडेला आपटला. वरून हसण्याचा मोठा आवाज खाली आला. "नाथ्याला समिंदर लागलाय!" कुणीतरी ओरडलं. हरणाबाई काठावर उभी होती. ती हसली नाही, मेंढ्यांकडं निघून गेली.

नाथाजी पाच दिवस दिसला नाही. कुडाजवळची जागा रिकामी पाहून हरणाबाईला पहिल्या दिवशी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती मेंढीच्या खुरातला काटा काढता काढता थांबली आणि वाटेकडं पाहू लागली. आपण केरबाची वाट बघतोय की याची, हे तिचं तिलाच कळेना.

तो सांगलीवरून पुढं मिरजेला गेला होता. तिथं एका सतारमेकरानं त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. असला पीळ न धरणारी तार लागणार, म्हणत त्यानं आपल्या कपाटातून पोलादी तारेचं वेटोळं काढलं, दोन वेढे खेचून पाहिले, नखानं छेडलं आणि "हिचा आवाज चांगला आहे" असं म्हणून नाथाजीच्या हातात दिलं. नाथाजी परत आला तो थेट विहिरीवर गेला.

यावेळी गावाला त्यानं सांगितलं नाही. सकाळी हरणाबाईकडं आला आणि म्हणाला, "चला मावशी. भाकरी बांधून घ्या. दिस जाईल."

विहिरीत उतरायला दगडी पायऱ्या होत्या. हरणाबाई तळाशी पोचली तेव्हा तिला पहिल्यांदा गारवा लागला, मग शांतता. वर तोंडाएवढं गोल आभाळ. कपारीतली पारवळं घुमत होती. नाथाजीनं वासा पाचरी मारून घट्ट केला होता आणि त्याच्यापासून ती बारीक तार सरळ खाली उतरली होती, इतकी बारीक की कधी दिसे, कधी न दिसे. गोळा जणू आपोआप हवेत थांबला होता. वाऱ्याची झुळूक वरून गेली की तार गुणगुणे आणि ते गुणगुणणं विहिरीच्या अंगातून तळापर्यंत येई.

नाथाजीनं गोळा एका अंगाला ओढून सुती दोऱ्यानं खुंटीला बांधून ठेवला. "हातानं सोडला तर हात त्येला वळवतो. म्हून जाळायचा." गोळ्याचं थरथरणं थांबेपर्यंत दोघं दम धरून बसले. मग त्यानं काडी ओढली आणि दोऱ्याला लावली.

दोरा जळून तुटला. गोळा निघाला.

तो घाई करत नव्हता. या कडेवरून त्या कडेला, तिथं जरा विसावा, मग परत. हरणाबाईनं आयुष्यात इतकं सावकाश आणि इतकं सरळ जाणारं काही पाहिलं नव्हतं. नाथाजीनं तिच्या हातात कडब्याची ताटं, जोंधळ्याचे लांब वाळके दांडे, दिली. "गोळा जिथनं जातोय, त्येच्या बरोबर खाली येक ताट ठेवा. मग उन्हाची तिरीप हातभर सरकली की दुसरं."

तिनं पहिलं ताट ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. गोळा जाई, येई. नाथाजी वरच्या पायरीवर पाय पसरून बसला. हरणाबाईचे डोळे गोळ्याबरोबर जात आणि येत राहिले. हळूहळू तिला वाटायला लागलं की ती कुठल्यातरी मोठ्या जनावराच्या पोटात बसली आहे आणि त्याचा श्वास चालू आहे. केरबा पोटात होता तेव्हाचे दिवस तिला आठवले. तेव्हाही ती अशीच भिंतीला टेकून बसे, आतली हालचाल ऐकत. मग डोळा लागल्यासारखं झालं. डोळ्यांपुढं पाणी आलं. तिनं कधी न पाहिलेला दर्या, माळासारखा, पण हलणारा. त्यावर मेंढरांच्या पाठींसारख्या लाटा, एकामागं एक, आणि सगळ्या मिळून एका अंगाला सरकत चाललेल्या.

"मावशी, ताट ठेवा."

ती दचकली. उन्हाची तिरीप सरकली होती. तिनं दुसरं ताट नेऊन गोळ्याच्या वाटेखाली ठेवलं आणि थांबली. पहिल्या ताटावर ते बसत नव्हतं. टोकाशी दोन्हींत चार बोटांचं अंतर पडलं होतं.

"तू ताट हालवलंस?"

"मी हितनं उठलो न्हाई."

तिनं वासा पाहिला. पाचरी तशाच होत्या. ती परत बसली, यावेळी डोळे ताठ उघडे ठेवून. तिसरं ताट. चौथं. भाकरी खाल्ली. पाचवं. गोळ्याचा झोका आता लहान झाला होता, पण दिशा स्पष्ट होती, आणि प्रत्येक वेळी तो थोडा उजवीकडं गेलेला असे. दुपार कलली तेव्हा विहिरीच्या तळाशी कडब्याचा पंखा उघडल्यासारखा दिसत होता.

हरणाबाई उठली. पंख्याच्या पहिल्या ताटावरून शेवटच्या ताटापर्यंत तिनं अनवाणी पाय टेकत चालून पाहिलं. मग तिनं तळहात विहिरीच्या दगडाला लावला.

"नाथा, ह्यो गोळा वळला न्हाई."

"न्हाई."

"मी वळले. ह्यी हीर वळली. मेंढरं, लिंब, गाव, समदं." तिचा आवाज अगदी हळू झाला होता, कुणी झोपलेलं उठेल अशा भीतीनं बोलावं तसा. "आन् कुनाला कळलं न्हाई."

"कुनालाबी न्हाई, मावशी."

"मग केरबानं तोंड फिरवलं न्हाई. त्यो सरळच येत व्हता."

नाथाजीनं तोंड गुडघ्यांत घातलं होतं आणि त्याची पाठ हलत होती. हरणाबाई पायऱ्या चढून त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. खाली गोळा चालूच होता.

बऱ्याच वेळानं नाथाजी म्हणाला, "त्यो वेधशाळंवाला सांगत व्हता, पावसाचा वाराबी आसाच वळून येतो. पार खालच्या समिंदरातनं निघतो, पिरथमीची मधली रेघ वलांडली की उजवीकडं वळतो, आन् आपल्या कोकनावर येतो. पिरथमी फिरायची थांबली तर त्यो वारा दुसरीकडंच कुठं जाईल."

"आपल्याकडं तरी कुठं येतोय?"

"येतो की. डोंगरावर रिता व्हऊन येतो."

हरणाबाई वरच्या गोल आभाळाकडं बघत राहिली. ज्यानं तिचा पोरगा नेला, त्याच वळणानं ढगही आणले होते. तिला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण जीभ उचलेना. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो नाथाजीला सहा महिन्यांत सुचला नव्हता.

"पानी वळून कुठं जातं?"

त्याच आठवड्यात नाथाजीनं जयगडला दाऊद तांडेलाला पत्र लिहिलं. हरणाबाई शेजारी बसून सांगत होती. दोर कुठं तुटला, वारा कसा होता, तराफा किती बुडाला होता, हे सगळं तांडेलाला माहीत असणार. तर मग असा तराफा कुठल्या किनाऱ्याला लागतो, एवढंच कळवा. महिन्याभरानं उत्तर आलं. तांडेलानं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. श्रावण-भाद्रपदात ते पाणी आग्नेयेला उतरतं. मलबारच्या अलीकडं दर्यात बेटं आहेत, नारळाची. तिथं लागायचा संभव. नारळी पौर्णिमेनंतर गलबतं सुटतील तेव्हा मी तांदळाच्या गलबतावर जागा बघतो. माझ्याही जिवाला ते लागून राहिलं आहे.

पावसाळा आला आणि नेहमीसारखा वरून निघून गेला. नाथाजी आता सकाळी येऊन नुसता बसत नसे. मेंढ्या सोडायला लागे. गावातलं दोराचं बोलणं कधी थांबलं, ते कुणाला सांगता आलं नसतं. हरणाबाई त्याच्याबरोबर माळावर चालते, हे दिसत होतं, आणि त्यापुढं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मार्गशीर्षात एक दिवस ऐन दुपारी, अंगात गुडघ्यापर्यंत सदरा, डोक्याला लाल रुमाल, असा एक म्हातारा आटपाडीच्या वाटेनं माळावर आला. कुंभार्लीचा घाट चढून कराडला, तिथून विट्याला मोटारीनं आणि पुढं पायी. नाथाजीनं त्याला लांबूनच ओळखलं आणि लंगडत पळत सुटला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. मग दाऊद तांडेल हरणाबाईसमोर येऊन उभा राहिला. त्यानं भोवतालच्या माळावर एकदा नजर फिरवली, जिथं पाण्याचा थेंब नव्हता, आणि म्हणाला, "आई, मी जाऊन आलो."

ती खाली बसली. "सांगा."

"एका बेटावर तराफा लागला होता. त्यावर दोघं जिते होते. एक त्याच दिवशी गेला. दुसरा नऊ दिवस राहिला. बेटावरच्या लोकांनी त्याला घरात ठेवला, नारळाचं पाणी दिलं, पेज दिली. भाषा कुणाला कळत नव्हती. नाव विचारलं तर काहीतरी 'कर्वा' असं म्हणाला, असं ते सांगतात. मला खात्री वाटेना. जग मोठं आहे, आई. उगीच तुम्हाला खोटं कसं सांगू?" त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "पण त्या घरात बकऱ्या आहेत. हा तिथं अंगणात पडून त्यांना हाक घालायचा. दोन दिवसांत बकऱ्या त्याच्या खाटेशी येऊन बसायला लागल्या. आता त्या घरातली बायका-पोरं त्याच हाकेनं बकऱ्या बोलावतात. मी ती शिकून आलोय. तुम्हीच ऐका."

म्हातारा माळाकडं तोंड करून उभा राहिला. तोंडाशी हात नेऊन, जीभ टाळूला लावून त्यानं आवाज काढला: आधी घशातली घरघर, मग एक लांब चढत जाणारा सूर आणि शेवटी मध्येच तोडलेला. "र्र्र्र ह्योऽऽऽऽ हेप्!" सूर थोडा चुकला होता. समुद्रावरून आलेला, परक्या तोंडांतून फिरलेला.

हरणाबाईची हाक वेगळी होती, बायकांची, मऊ. ही हाक केरबाच्या आज्याची. आज्यानं फक्त नातवाला दिलेली. गेली तीन वर्षं ती या माळावर कुणी घातली नव्हती.

कळपातल्या नव्या मेंढ्या चरत राहिल्या. पण तीन म्हाताऱ्या मेंढ्यांनी मान वर केली. कान पुढं आले. मग त्यांतली एक, शिंगाचं टोक मोडलेली, सावकाश चालत निघाली आणि दाऊद तांडेलाच्या पायांशी येऊन त्याचा सदरा हुंगू लागली.

हरणाबाई त्या मेंढीकडं बघत होती. रडू आलं ते फार उशिरा, आणि आलं तेव्हा तिनं ते अडवलं नाही.

"नऊ दिस," ती शेवटी म्हणाली. "नऊ दिस त्येला घर मिळालं."

"मिळालं, आई. कबर किनाऱ्यापासून आत आहे, सावलीत. त्यांच्या पद्धतीनं केली. त्यांना दुसरी माहीत नव्हती."

"मातीच हाय ना ती? मग झालं." तिनं डोळे पुसले. "आन् त्या बाया? ज्यांनी पेज दिली?"

"एक म्हातारी आहे. तिनंच मला सगळं सांगितलं. निघताना विचारत होती, त्याची आई आहे का."

तांडेल चार दिवस राहिला. नाथाजी त्याला माळ दाखवत हिंडला. दर्यात असतो तसाच इथंही सगळीकडं आभाळच आहे, असं म्हातारा दोनदा म्हणाला. हरणाबाईनं त्या चार दिवसांत घरात साठवलेली काळी लोकर काढली, घोंगडी विणणाऱ्या सणगराकडं स्वतः जाऊन बसली आणि एक विणून घेतली. कड तिनं आपल्या हातानं गुंफली. पाचव्या दिवशी सकाळी ती घडी करून तांडेलाच्या खांद्यावर ठेवली.

"कबरीवर घालायची?" त्यानं विचारलं.

"न्हाई. त्या म्हातारीला. तिकडं थंडी आसती का?"

"थंडी नाही. पाऊस लय."

"मग पावसात पांघरंल. काळ्या मेंढीची हाय, सांगा तिला. पानी वरनं वघळून जातं."

विट्याची मोटार धरायची होती, म्हणून नाथाजीनं म्हाताऱ्याचं गाठोडं उचललं आणि दोघं वाटेला लागले. थोडं पुढं गेल्यावर हरणाबाईनं मागून हाक मारली. "नाथा, येताना आटपाडीतनं मीठ आन. आन् बिगीनं ये. दोन मेंढ्या व्यायला झाल्याती, मला येकटीला जमायचं न्हाई."

"येतो मावशी," नाथाजी म्हणाला.